कोपनहेगन, मे महिना, दोन मुलं आणि एक आजी

रानजाई
१७ ते २५ मे २०२६, कोपनहेगन. माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई (६८, शाकाहारी, अंडंही नाही, सपाटीवर भरपूर चालतात पण जिने नकोत), मुलगी अकरा वर्षांची, मुलगा चारचा. सध्याचा आराखडा: चार दिवस शहर, एक दिवस लेगोलँडला जाऊन-येऊन, एक दिवस स्वीडनमधलं माल्मो, बाकी मोकळं. एजंट म्हणतो सगळ्यांना १२० तासांचं कोपनहेगन कार्ड (प्रेक्षणीय ठिकाणांचा प्रवेश आणि प्रवास मिळून एकच पास) घ्या. व्हिसा, राहणं, खाणं, कार्ड, सगळ्यावरच मतं हवी आहेत. आराखड्याची चिरफाड केलीत तरी चालेल.

उत्तरवारा
व्हिसापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. नियमातली मुदत १५ दिवसांची, पण ती ४५ पर्यंत जाऊ शकते. मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटची मारामार असते, त्यामुळे फेब्रुवारीच धरा.

डेन्मार्कची पद्धत थोडी वेगळी आहे. आधी त्यांच्या अप्लाय-व्हिसा पोर्टलवर अर्ज भरून फी भरायची, तिथून निघणारं कव्हर लेटर छापून सही करायची आणि ते घेऊन व्हीएफएसला (व्हिसा अर्ज स्वीकारणारं केंद्र) जायचं. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या. हे राहिलं की काउंटरवरून परत पाठवतात. व्हीएफएसचा सेवाआकार वेगळा.

फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षं पूर्ण ते १२ च्या आत ४५, सहाच्या आत काही नाही. विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. शाळेचं बोनाफाईड एप्रिलमध्ये मागायला गेलात तर ऑफिसात कुणी नसतं, ते आधीच घेऊन ठेवा. आणि जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. त्यावरचं आईचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा.

चकवा
मुलीला १२ कधी पूर्ण होतात? विचारायचं कारण आहे.

रानजाई
२२ मेला. म्हणजे तिथेच वाढदिवस.

चकवा
मग तुमची अख्खी आखणी त्या तारखेभोवती फिरते.

व्हिसाची फी अर्जाच्या दिवशीच्या वयावर ठरते, म्हणून ४५ युरोच. बोटांचे ठसेही बाराच्या आत घेत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या (युरोपातल्या सामायिक व्हिसा-प्रदेशाच्या) सीमेवर नवी प्रवेश-नोंद सुरू झाली आहे, तिथेही बाराखालच्या मुलांचा फक्त चेहऱ्याचा फोटो घेतात.

शहरातल्या मेट्रो-बस-लोकलमध्ये एका मोठ्या माणसाबरोबर बाराखालची दोन मुलं फुकट. २२ तारखेपासून मुलीला तिकीट लागेल, सोळाखालच्यांचं निम्म्या दराचं. कोपनहेगन कार्डातही तेच: मोठ्यांच्या एका कार्डावर बाराखालची दोन मुलं, आणि १२ ते १५ साठी वेगळं ज्युनियर कार्ड. म्हणजे कार्ड वापरायचं तर २२ च्या आत वापरून टाका.

निळाडबा
एजंटचं १२० तासांचं कार्ड मोडीत काढा.

कार्ड दिवसांवर नाही, तासांवर चालतं. पहिल्यांदा वापरलं की घड्याळ सुरू, रात्रीचे झोपेचे तासही त्यातच. चार वर्षांच्या मुलाबरोबर दिवसात दोन ठिकाणं झाली तरी खूप. आणि मुलांबरोबर जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो तिथे पैसेच लागत नाहीत: बागा, खेळायची मैदानं, आमालियेनबोर्ग राजवाड्यासमोर दुपारी १२ ची पहारा बदली. राष्ट्रीय संग्रहालयात १८ खालच्यांना प्रवेश फुकट, आणि तिथला मुलांचा विभाग हात लावून खेळण्याचाच आहे. राउंड टॉवरचं तिकीटही किरकोळ.

कार्ड वसूल होतं ते महागडी ठिकाणं एकत्र आणली तर. म्हणून तीन मोठ्यांची ४८ तासांची कार्डं घ्या. मुलं त्यांवरच आत जातील. मंगळवार १९ ला सकाळी ११ ला सुरू करा. पहिलं कालव्यातली बोट, साधारण तासाभराची, नुहाउनहून सुटते. मग खोलीवर विश्रांती आणि संध्याकाळी टिवोली मनोरंजन उद्यान. बुधवारी ब्लू प्लॅनेट मत्स्यालय, मेट्रो एम-२ वर कास्ट्रुप स्टेशन, तिथून दहा मिनिटं चालत. दुपारनंतर रोसेनबोर्ग राजवाडा. गुरुवारी ११ वाजायच्या आत प्राणिसंग्रहालयाच्या दारातून आत गेलात की झालं, बाहेर कधीही या.

बाकी दिवसांना मोठ्यांसाठी सिटी पास स्मॉल. झोन १ ते ४, विमानतळ त्यातच येतो, २४ पासून १२० तासांपर्यंत मिळतो. मेट्रोला दारं-अडथळे नाहीत, म्हणून लोक बिनधास्त चढतात आणि आत तपासनीस भेटतो. तिकीट फलाटावर पोचायच्या आत फोनवर हवं. ‘बसल्यावर काढू’ चालत नाही.

ओसरी
निळाडबा, थोडी असहमती. कार्डात लुइझियाना कला-संग्रहालय, क्रोनबोर्ग किल्ला, रोस्किल्डचं वायकिंग जहाज-संग्रहालय आणि तिथवरची रेल्वेही येते. कुटुंब सकाळी आठला बाहेर पडणारं असेल तर ७२ तास सहज वसूल होतात.

निळाडबा
आठला बाहेर पडून करणार काय? बहुतेक ठिकाणं दहा-अकराला उघडतात. सोबत आजी आणि चार वर्षांचं पोर, त्यात शहराबाहेरच्या दोन सहली तीन दिवसांत कोंबल्या तर कार्ड वसूल होईल आणि माणसं आजारी पडतील. त्यातली एक सहल निवडा, रेल्वेचं वेगळं तिकीट काढा.

ओसरी
बरं, एकच निवडायची तर हेलसिंगोर. सेंट्रल स्टेशनवरून सुमारे पाऊण तास, स्टेशनपासून क्रोनबोर्ग किल्ला समोरच दिसतो. तळघरात झोपलेल्या होल्गर डान्स्के या दंतकथेतल्या वीराचा पुतळा आहे, मुलांना तो अंधार फार आवडतो. आजींनी मात्र तिथे उतरू नये, पायऱ्या आणि खडबडीत जमीन आहे. त्यांनी बाहेर तटावर बसावं. नंतर बंदरावरून हेलसिंगबोर्गची फेरी धरा, वीस मिनिटांत स्वीडन. मग माल्मोचा वेगळा दिवस लागतच नाही. पासपोर्ट सगळ्यांचे सोबत हवेत. दोन्ही देश शेंगेनमध्ये असले तरी तपासणी होऊ शकते.

लुइझियाना त्याच रेल्वेमार्गावर हुमलेबेकला आहे. सोमवारी बंद, मंगळवार ते शुक्रवार रात्री १० पर्यंत उघडं. मुलांसाठी स्वतंत्र विभाग, तिथे रंगकाम-मातीकाम करता येतं. पण त्याच दिवशी किल्ला आणि हे, दोन्ही करू नका.

रानजाई
लेगोलँड जाऊन-येऊन जमेल का? मुलाने वर्षभर तेच डोक्यात घेतलंय.

उत्तरवारा
नाही. नकाशावर डेन्मार्क छोटा दिसतो आणि तिथेच फसगत होते. लेगोलँड बिलुंडला, कोपनहेगनपासून अडीचशे किलोमीटरच्या वर, मधे समुद्राच्या दोन पट्ट्या ओलांडायच्या. वायलेपर्यंत रेल्वेने सव्वादोन-अडीच तास, पुढे बस, वाट बघणं धरून एका बाजूचे साडेतीन तास. पार्क दहाला उघडतं. सकाळी सहाची गाडी पकडून गेलात तरी दुपारी तीनला मुलगा खांद्यावर झोपलेला असेल.

जायचंच तर दोन रात्री तिकडे राहा. एक दिवस लेगोलँड, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस लेगो हाउस. हे २०१७ ला सुरू झालं, पूर्ण छताखाली, पावसाची चिंता नाही. अकराच्या मुलीला कदाचित लेगोलँडपेक्षा हेच आवडेल. बिलुंडला स्वतःचा विमानतळ आहे, पार्कला खेटून. जाताना कोपनहेगन आणि परतताना बिलुंडहून आम्सटरडॅम किंवा फ्रँकफर्टमार्गे मुंबई असं तिकीट निघत असेल तर कोपनहेगनला उलटं यावं लागत नाही.

रेल्वेचं ‘ऑरेंज’ तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेलं. बाराखालची मुलं इथेही मोठ्यांबरोबर फुकट, मात्र त्यांना जागा हवी असेल तर आरक्षणाचे पैसे वेगळे. चारच जागा घेऊन मुलाला मांडीवर घेऊन अडीच तास बसणं म्हणजे शिक्षा. आणि ‘स्टिलेझोन’ लिहिलेल्या डब्यात जागा घेऊ नका, तो शांततेचा डबा आहे.

चकवा
लेगोलँड नको म्हणालात तर टिवोलीबद्दल. सेंट्रल स्टेशनच्या समोर, १८४३ पासून चालू. प्रवेश आणि पाळणे यांची तिकिटं वेगळी. कार्डात फक्त प्रवेश येतो. आत शिरल्यावर हे कळलं की खर्चाचा पहिला धक्का बसतो. सोबत बसणाऱ्या मोठ्यालाही तिकीट लागतं. म्हणून मुलांची उंची घरी भिंतीला लावून मोजा, टिवोलीच्या संकेतस्थळावर प्रत्येक पाळण्याची उंचीची अट दिलेली असते, आणि कोण कशात बसू शकतो ते आधीच बघून ठेवा. मुलीला आणि एका मोठ्याला दिवसभराचा पास, धाकट्याला सुटी तिकिटं, हे गणित बहुतेक वेळा बसतं. तीनखालच्यांना प्रवेश फुकट, आठ वर्षांपासून पुढे मोठ्यांचाच दर. म्हणजे कार्डाबाहेर गेलात तर मुलीचं पूर्ण तिकीट.

१९१४ चा लाकडी रोलर कोस्टर चुकवू नका. अजूनही त्यावर एक माणूस मधे बसून हाताने ब्रेक लावतो.

‘टिवोलीचे दिवे’ हे फोटोंमुळे सगळ्यांच्या डोक्यात असतं. मे अखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, खरा अंधार त्यानंतर कितीतरी वेळाने. चार वर्षांच्या मुलाला ते दिवे दिसणार नाहीत, त्याची आशा सोडा. शुक्रवारही टाळा, संध्याकाळी मोठ्या मैफिली असतात आणि गर्दी उसळते.

ओसरी
टिवोलीला पर्याय: बाकेन. क्लाम्पेनबोर्गच्या जंगलात, १५८३ पासूनची जागा, जगातलं सगळ्यात जुनं मनोरंजन उद्यान म्हणतात. प्रवेश फुकट, पैसे फक्त पाळण्यांना. लोकलची ‘सी’ मार्गिका, वीसेक मिनिटं, पुढे हरणांच्या जंगलातून पायवाट. आजी सोबत असताना मला हेच जास्त सोयीचं वाटतं: ज्याला पाळण्यात बसायचं नाही त्याचे पैसे जात नाहीत, आणि जंगलात शेकडो हरणं मोकळी चरत असतात.

पोळपाट
राहण्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

हॉटेलात चार वर्षांचं मूलही माणूस म्हणून मोजतात. ‘तो आमच्यात झोपेल’ हे तिथे चालत नाही, बुकिंग करताना सगळी वयं खरी भरा. पाच जणांना एकच खोली दुर्मिळ. पर्याय दोन: डानहॉस्टेलच्या मोठ्या खोल्या (सहा बेडची पूर्ण खोली तुमची, लिफ्ट आहे, सामायिक स्वयंपाकघर) किंवा फ्लॅट.

फ्लॅट घेताना जाहिरातीत लिफ्टचा उल्लेख शोधा. व्हेस्टरब्रो-नोरेब्रोच्या जुन्या इमारती चार-पाच मजली, जिने अरुंद, लिफ्ट नाही. ‘तिसरा मजला’ म्हणजे तळमजला सोडून तिसरा. जुन्या फ्लॅटांची न्हाणीघरं इतकी लहान की शॉवर कमोडच्या डोक्यावर. आजींना ते जमणार आहे का, फोटो बघून ठरवा. लिफ्ट नक्की हवी तर ओरेस्टाड किंवा इस्लंड्स ब्रिगेच्या नव्या इमारती बघा. दोन्ही मेट्रोवर आहेत.

पडदे जाड आहेत का, हेही विचारा. तेव्हा पहाटे साडेचारला उजाडतं. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे पहिले दोन दिवस मुलं तशीही पहाटे जागी होणार.

रानजाई
फ्लॅटच घेऊ. जेवणाचं सामान किती न्यावं? तूप, भाकरीचं पीठ, हापूसची पेटी?

पोळपाट
पेटी विसरा.

युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. तूप, पनीर, पेढे, बर्फी, चक्का, दूधपावडर सगळं बाद. अपवाद लहान बाळांच्या पावडरीचा आणि बेबीफूडचा, सीलबंद, माणशी दोन किलोपर्यंत. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, म्हणून आंबा, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं घरीच. मोकळीक आहे ती नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियनला. (ड्युरियन कोण नेणार, हा प्रश्न वेगळा.)

न्या: मेतकूट, भाजणी, तेलातल्या चकल्या, पोहे, मसाले, डाळी, ज्वारीचं पीठ. तुपातले लाडू वादाचा विषय, टाळा.

तिथे मिळतं: नेटो, रेमा १०००, लिडल इथे बासमती, मसूर, कांदे-बटाटे, डबाबंद छोले. दुधाच्या खोक्यावर ‘सोडमेल्क’ लिहिलेलं घ्या, ते साडेतीन टक्के स्निग्धांशाचं. ‘लेटमेल्क’ दीड टक्का, ‘मिनिमेल्क’ पाण्यासारखं. ‘केर्नेमेल्क’ म्हणजे ताकच, कढीला उत्तम. मऊ भातासाठी ‘ग्रोड्रिस’ हा बुटका तांदूळ. कोथिंबीर, भेंडी, मोठ्या पिशवीतली डाळ हवी तर नोरेब्रोगेडवरची परदेशी वाणसामानाची दुकानं.

आजींसाठी हे शब्द कागदावर लिहून ठेवा: स्वीनेकोड (डुक्कर), ओक्सेकोड (गोमांस), किलिंग (कोंबडी), एग (अंडं), गेलाटिने. पहिल्या तीन शब्दांपेक्षा शेवटचा जास्त फसवतो. जेली-गोळ्यांत तो असतो, काही दह्यांतही. मुलांच्या ताटलीत ‘लेवरपोस्टाई’ म्हणजे काळजाची चटणी आणि लाल सॉसेज सर्रास.

अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नेऊ नका. शेगडी इंडक्शन असेल तर तापणारच नाही. स्टीलचा, इंडक्शनचं बूड असलेला छोटा न्या. आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन गोल पिनांचं अडॅप्टर लागतं.

बाटलीवर ‘पँट’चं (बाटली परत केल्यावर मिळणाऱ्या ठेवीचं) चिन्ह असतं: ए म्हणजे १ क्रोन, बी दीड, सी ३ क्रोन ठेव. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाका, पावती काउंटरवर द्या. हे काम मुलांना द्या, दोघं भांडून करतील. पाणी विकत घेऊच नका, नळाचं उत्तम आहे.

चकवा
खरेदीवरून: २४ मे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा रविवार, २५ सोमवारही सुट्टी. दोन्ही दिवस मोठी दुकानं कायद्याने बंद. शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवा. अडलंच तर सेंट्रल स्टेशनमधली दुकानं उघडी असतात.

पैसे: युरो नाही, डॅनिश क्रोन. आपल्याकडच्या बऱ्याच फॉरेक्स कार्डांत क्रोनचा पर्याय नसतो. मग युरोतून क्रोन करताना वरचा आकार लागतो. बँकेला विचारून घ्या. यंत्राने ‘रुपयांत की क्रोनमध्ये’ विचारलं तर क्रोन निवडा, रुपयांतला दर नेहमी महाग पडतो.

भटकंतीवही
सायकलचं काय? पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीत मुलांना बसवून फिरायचं, असे फोटो सगळीकडे दिसतात.

निळाडबा
मिळते भाड्याने, चार वर्षांचा मुलगा पेटीत मजेत बसेल. पण तिचं वळणं वेगळं असतं. आधी बागेत अर्धा तास चालवून बघा, थेट रस्त्यावर नको.

नियम: उजवीकडून चालवायचं, थांबताना हात वर, वळताना त्या बाजूचा हात बाहेर. डावीकडे थेट वळता येत नाही. चौक सरळ ओलांडायचा, पलीकडे थांबायचं, मग दुसऱ्या सिग्नलला जायचं. आपल्याकडची सवय इथेच नडते, मागचे ओरडतात. सकाळी आठ-नऊला आणि संध्याकाळी चार-पाचला नवख्याने रस्त्यावर उतरू नये.

चालणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: काही थांब्यांवर बसमधून उतरलं की पाय थेट सायकलमार्गावर पडतो. धाकट्याचा हात धरूनच उतरा.

फेलेडपार्कमध्ये मुलांसाठी वाहतुकीचं मैदान आहे, छोटे रस्ते, सिग्नल, झेब्रा सगळं खरं. शेजारीच शहरातल्या मनोऱ्यांच्या लाकडी प्रतिकृतींवर चढायचं मैदान. पूर्ण सकाळ जाते, खर्च शून्य. आजींना बाकं आणि सावली. बाबागाडी नेणार असाल तर मोठ्या चाकांची न्या, जुन्या शहरातल्या दगडी फरशांवर छत्रीवाली गाडी अडकते.

ओसरी
आजींसाठी राउंड टॉवर नक्की. वर जायला पायऱ्या नाहीत, २०९ मीटरचा गोल चढ आहे, फक्त अगदी टोकाला थोड्या पायऱ्या. आणि बंदरातली पिवळी बस-बोट. तीच तिकिटं चालतात, पर्यटक बोटीचे पैसे वाचतात.

वांगीभात
धाग्यात घुसतेय. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत विचार करतोय, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. चालेल?

चकवा
टिवोलीसाठी जात असाल तर नाही. हॅलोवीनचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि नाताळचा महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. मधे दारं बंद. दिवाळीची सुट्टी नेमकी त्या फटीत पडते. बाकेनही तेव्हा बंद. सव्वाचारला सूर्य मावळतो. मत्स्यालय, हेलेरुपचं एक्सपेरिमेंटारियम हे विज्ञान केंद्र, राष्ट्रीय संग्रहालय यांवर चार दिवस निघतील, जास्त नाही. तारखा हलवता येत असतील तर नाताळची सुट्टी बघा, अंधार तेवढाच पण शहर उजळलेलं.

रानजाई
सगळ्यांचे आभार. लेगोलँड दोन रात्रींचं करतो, माल्मो रद्द. शेवटचे दोन प्रश्न: पोहायचे कपडे न्यावेत का, आणि मुलं आजारी पडली तर?

उत्तरवारा
समुद्र मे अखेरीस बर्फगार, बंदरातले फुकट तलाव जूनपासून. छताखालचा तलाव हवा तर स्टेशनजवळ डीजीआय बायेन. पाण्यात उतरण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने आंघोळ सक्तीची, सामायिक न्हाणीघरात. मुलीला आधीच सांगून ठेवा, तिथे गेल्यावर रडारड नको.

कपडे: दिवसा १५-१६, रात्री ८-९ अंश आणि वारा. जाड स्वेटरपेक्षा पातळ थर आणि वरून पाणी न शिरणारं जाकीट-पँट. छत्री उलटी होते.

ताप-खोकल्याला आधी फोन १८१३, तिथली नर्स विचारून कुठे जायचं ते सांगते. थेट इस्पितळात गेलं तर आधी फोन करा म्हणतात. जिवावरचं असेल तर ११२. पॅरासिटामॉल साध्या दुकानात मिळतं, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही. म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडून नेहमीची औषधं इंग्रजी चिठ्ठीसह न्या. रात्री उशिरा लागलंच तर सेंट्रल स्टेशनसमोरचं स्टेनो अपोटेक हे औषधांचं दुकान.

पोळपाट
सायकल भाड्याने देणारे २५ ला बंद असू शकतात, वाढदिवसाच्या दिवशीच घ्या. केक ‘एगेफ्री’ (बिनअंड्याचा) मिळणं अवघड, आजींसाठी बेकरीत आदल्या दिवशी विचारा.